ऑस्टिनचा काँग्रेस ॲव्हेन्यू पूल: खाली १९१० च्या कमानी, वर १९८० चा रस्ता, मधल्या फटीत १५ लाख वटवाघळं

नीलमोहर
नमस्कार मंडळी, हा धागा बरेच दिवस मनात होता. आईबाबा यंदा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे टेक्सासला आले होते, ते परत गेले आणि घर एकदम रिकामं झालं, म्हणून आज बसले लिहायला.

आम्ही ऑस्टिनला राहतो. इथे गावाच्या मधून कोलोरॅडो नदी जाते (ग्रँड कॅन्यनवाली ती वेगळी, नाव सारखं आहे एवढंच, ही पूर्ण टेक्सासची नदी आहे). तिच्यावर काँग्रेस ॲव्हेन्यूचा पूल आहे, काँक्रीटच्या कमानींचा, १९१० सालचा. या पुलाखाली उन्हाळ्यात जवळजवळ १५ लाख वटवाघळं राहतात आणि रोज संध्याकाळी एकदम बाहेर पडतात. शहरात राहणारी एवढी मोठी वसाहत जगात दुसरीकडे नाही म्हणतात. इथे आलेला प्रत्येक पाहुणा ते बघायला जातोच, तसं आम्ही ऑगस्टमध्ये आईबाबांना घेऊन गेलो.

बाबा बांधकाम खात्यातून रिटायर झालेत, ओव्हरसियर म्हणून लागले आणि सांगली, मिरज, कराड असं सगळं आयुष्य रस्ते आणि पूल यातच गेलं. आम्ही सगळे चादर टाकून नदीकाठच्या हिरवळीवर आकाशाकडे बघत बसलेलो आणि बाबा कुठेच दिसेनात. बघते तर हे पार पुढे पाण्याजवळ कठड्याला धरून उभे, मान वाकडी करून कमानीच्या बुडाकडे बघतायत, म्हणजे जिथे कमान खांबावर येऊन टेकते तिथे. मी म्हटलं बाबा वटवाघळं वरून येणारेत, तर म्हणाले ती येतील गं त्यांच्या वेळेला, आधी हे बघ, या कमानी आणि वरचा रस्ता एका वयाचे नाहीत.

आणि खरंच नाहीत! घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं. १९८० मध्ये पुलाचा वरचा भाग काढून नवा केला, कमानी जुन्याच ठेवल्या. नव्या भागासाठी शेजारी शेजारी काँक्रीटच्या पेट्यांसारख्या तुळया टाकल्या आणि त्यांच्यामध्ये लांबच लांब फटी राहिल्या, पाऊण ते एक इंच रुंद आणि साधारण १६ इंच खोल. त्या फटीत वटवाघळं आली. कुणी ठरवलं नव्हतं, इंजिनियर लोकांच्या ध्यानीमनी नव्हतं, पण त्या प्राण्याला नेमकी तेवढीच जागा लागते.

मला या पुलाबद्दल सगळ्यांशी बोलायचंय. इथे स्थापत्यवाले, निसर्गवाले दोन्ही आहेत म्हणून मुद्दाम इथे काढतेय. बाबांना प्रतिसाद वाचून दाखवणार आहे फोनवर, तेव्हा भरभरून लिहा.

कृष्णाकाठ
वा, सांगलीचे बाबा म्हटल्यावर पहिला प्रतिसाद माझाच पाहिजे. आमच्याकडे पूल म्हणजे आयर्विन, १९२९ चा. पावसाळ्यात सांगलीतला माणूस जगात कुठेही असो, फोन लावला की पहिला प्रश्न "आयर्विनला किती फूट?" २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तेव्हा आम्ही रात्रभर जागे राहून तेवढा एक आकडा बघत होतो. त्यामुळे जुन्या पुलाच्या कमानीकडे बघत उभं राहणारा माणूस मला लगेच कळतो. काकांना नमस्कार सांगा.

स्थापत्यवेडा
छान धागा. काकांची नजर तयार आहे, रंग आणि काँक्रीटचा पोत यावरून वय ओळखणं सोपं नसतं.

थोडं कमानीबद्दल लिहितो, कारण बरेच जण विचारतात की काँक्रीटची कमान कशाला, सरळ स्लॅब का नाही. काँक्रीट दाबाला जबरदस्त आणि ताणाला अगदी कमकुवत. सरळ तुळईवर वजन आलं की तिची खालची बाजू ताणली जाते, तिथे लोखंड भरावंच लागतं. कमानीत तसं होत नाही, सगळं वजन दाबाच्या रूपात कमानीतून घसरत घसरत दोन्ही बुडांकडे जातं. म्हणजे काँक्रीटला जे जमतं तेवढंच काम त्याला द्यायचं. दारावरचं तोरण दोन खिळ्यांना टांगलं की स्वतःच्या वजनाने जो आकार घेतं ना, तो उलटा करा. तोरणात प्रत्येक ठिकाणी फक्त ताण असतो, उलटं केलं की तिथे फक्त दाब.

आता यात ग्यानबाची मेख अशी की कमान पायाला नुसती खाली दाबत नाही तर बाहेरच्या बाजूला ढकलते पण. म्हणून बूड महत्त्वाचं. काका तिथेच बघत होते ते उगाच नाही. मधल्या खांबावर दोन बाजूंच्या कमानी एकमेकींचा रेटा मारतात, पण टोकाला तो सगळा रेटा काठाने घ्यायचा असतो.

नीलमोहर
@स्थापत्यवेडा तोरणाचं उदाहरण बाबांना फार आवडलं, म्हणाले मी नातवाला हेच सांगायला पाहिजे होतं, मी उगाच धनुष्य सांगत बसलो.

गोदाकाठची
मला एक शंका आहे, १९८० ला दुरुस्तीच करायची होती तर सगळाच पाडून नवा का नाही बांधला? आपल्याकडे तर जुना पूल म्हटला की पहिला विचार तोच येतो. महाडच्या सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला, दोन एसट्या आणि माणसं घेऊन गेला, ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो. माझ्या माहेरच्या रस्त्यावरचा पूल तो. तेव्हापासून मला जुन्या पुलावरून गाडी जाताना नको वाटतं, मी अक्षरशः डोळे मिटून घेते. त्यामुळे जुनं ते ठेवा असं नुसतं म्हटलं की मला पटकन पटत नाही.

स्थापत्यवेडा
@गोदाकाठची तुमची भीती रास्त आहे. सावित्रीवर नंतर १६५ दिवसांत नवा पूल उभा केला ते कौतुकाचं, पण गेलेली माणसं गेलीच.

पुलाचं आयुष्य सगळीकडे सारखं संपत नाही. सगळ्यात आधी संपतो वरचा भाग, म्हणजे रस्ता, त्याखालची स्लॅब, जॉइंट. पाणी तिथून मुरतं, चाकांचे धक्के तिथेच बसतात, शिवाय १९१० ला घोडागाड्या आणि ट्राम होत्या, आजचे ट्रक नव्हते. कमान मात्र कायम दाबाखाली असते, त्यामुळे तिला भेगा कमी जातात, पाणी आत शिरायला वाव कमी. म्हणून जगभर जुन्या काँक्रीट कमानींच्या पुलांना हीच ट्रीटमेंट देतात, डोकं बदलायचं आणि पाय ठेवायचे. अर्थात आधी पाय नीट तपासून. पाण्याखालचा पाया खरवडला गेलाय का, बुडाशी माती सरकलीय का, हे बघितल्याशिवाय नाही. पुरात पूल जातात ते बहुतेक वेळा वरून तुटून नाही, खालून पाया उघडा पडून जातात. आपल्याकडे कठड्याला रंग देतात आणि पाण्याखाली बघायला कुणी उतरत नाही, हे माझं जुनं दुखणं आहे.

अमेरिकेत त्या काळात या पुलांची शर्यतच लागली होती. क्लीव्हलंडजवळ रॉकी रिव्हरवर १९१० ला २८० फुटांचा गाळा (दोन खांबांमधला भाग) बांधला, तर वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेनवाल्यांनी १९११ ला मनरो स्ट्रीटच्या पुलाचा मधला गाळा २८१ फुटांचा केला. एक फूट जास्त! क्लीव्हलंडचा नंतर पाडला. स्पोकेनचा २००३ ते २००५ मध्ये असाच वरून काढून नवा केला आणि मुख्य कमान जुनीच, आज पण वाहतूक चालू आहे. ऑस्टिनचा पूल असा विक्रमी नाही, अनेक छोट्या छोट्या कमानी आहेत, सगळा मिळून साडेनऊशे फुटांच्या आसपास. पण काम तेच.

टेक्सासवासी
मी डॅलसला असतो पण ऑस्टिनला पाच वर्षं काढलीत, थोडी भर घालतो. या जागी १८७५ च्या सुमाराला लाकडी पूल होता, टोल भरून जायचं, त्याआधी नावेतून पलीकडे. मग १८८४ ला लोखंडी पूल झाला. १९१० ला काँक्रीटचा केला तेव्हा तो लोखंडी पूल मोडीत नाही टाकला, त्याचे गाळे सोडवून ठेवले आणि त्यातले काही पुढे अनियन क्रीक नावाच्या ओढ्यावर मूर्स क्रॉसिंग इथे बसवले. विमानतळाच्या बाजूला आहे, गर्दी अजिबात नसते, चालत जाता येतं त्याच्यावरून. नीलमोहर, बाबा परत आले की तिथे न्या, त्यांना वटवाघळांपेक्षा तेच आवडेल असं दिसतंय.

आणि या पुलावर उभं राहून उत्तरेला बघितलं की सरळ रेषेत टेक्सासचं कॅपिटॉल, म्हणजे विधानभवन दिसतं, १८८८ चं, गुलाबीसर ग्रॅनाइटचं. खालचं पाणी संथ दिसतं कारण ती आता नदी कमी आणि तलाव जास्त आहे, १९६० ला खालच्या बाजूला लाँगहॉर्न धरण बांधलं त्याचं ते पाणी. आधी टाउन लेक म्हणायचे, २००७ पासून लेडी बर्ड लेक.

पुलाचं नाव पण २००६ मध्ये बदललं, टेक्सासच्या गव्हर्नर होत्या ॲन रिचर्ड्स, त्यांचं दिलंय. बोलताना मात्र सगळे काँग्रेस ब्रिजच म्हणतात. लकडी पुलाला आपण संभाजी पूल कुठे म्हणतो, तसंच.

रानपाखरू
आता वटवाघळांबद्दल मला लिहू द्या, मी वाटच बघत होते!

हे मेक्सिकन फ्री टेल्ड बॅट, म्हणजे शेपूट मोकळं असलेलं. आपण वडावर लटकलेली मोठी फळं खाणारी वटवाघळं बघतो ती नव्हेत. ही अगदी छोटी, वजन १२ ग्रॅमच्या आसपास, दोन-तीन चमचे साखर धरा. फक्त किडे खातात. मार्चच्या सुमाराला मेक्सिकोतून येतात आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत राहतात. येतात त्या बहुतेक सगळ्या माद्या, साडेसात लाखांच्या घरात. जूनमध्ये प्रत्येकीला एकच पिल्लू होतं, म्हणून आकडा दुप्पट होतो. जुलैअखेर ते ऑगस्ट पिल्लं उडायला लागतात, तेव्हा खरी गर्दी. म्हणजे तो पूल एक प्रचंड मोठं बाळंतघर आहे.

पिल्लं आई बाहेर गेली की एकमेकांना चिकटून त्या फटीत राहतात. हजारो पिल्लांमध्ये आई परत येते आणि आवाज आणि वास यावरून आपलंच शोधून काढते. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझं स्वतःचं बाळ तीन महिन्यांचं होतं, आणि मी रडले होते.

काँक्रीट दिवसा तापतं आणि रात्रभर ऊब धरून ठेवतं. पिल्लांना अंगावर केस नसतात, त्यांना ती ऊब लागते. शिवाय खाली पाणी, त्यामुळे साप, मांजर सहज वर चढत नाहीत, आणि जमिनीपासून उंची भरपूर, ती लागतेच कारण ही वटवाघळं आधी खाली पडतात आणि मग पंख उघडतात. गुहा शोधून सापडणार नाही इतकी सोयीची जागा.

आजोळ
वटवाघूळ की पाकोळी? आमच्याकडे कोकणात छोटी ती पाकोळी आणि मोठं ते वटवाघूळ. माझी आजी संध्याकाळी पडवीत पाकोळ्या शिरल्या की दिवा मोठा करायची. एखादी जास्तच घोंगावली तर मीठ उतरून टाकायची. आम्हाला मात्र कधी हात लावू द्यायची नाही.

रानपाखरू
@आजोळ अगदी बरोबर, किडे खाणाऱ्या छोट्यांना पाकोळी. पण घोळ असा की काही भागात त्या सुसाट उडणाऱ्या छोट्या पक्ष्याला पण पाकोळी म्हणतात, म्हणून मी लिहिताना वटवाघूळ लिहिते.

आजीचं हात न लावू देणं शंभर टक्के योग्य. ऑस्टिनला पण तेच सांगतात, जमिनीवर पडलेलं वटवाघूळ दिसलं तर ते आजारी असू शकतं, रेबीजचा धोका असतो, हात लावायचा नाही. एकूणात रेबीज असलेली फार थोडी असतात, पण जे हाताला सापडतं तेच आजारी असायची शक्यता जास्त.

अजून एक सांगते. या मोकळ्या शेपटीच्या कुळातलं एक अत्यंत दुर्मिळ वटवाघूळ आपल्या बेळगावजवळ आहे. खानापूर तालुक्यात बारापेडे गुहा आहे तिथे. राउटनचं मोकळ्या शेपटीचं वटवाघूळ म्हणतात, १९१३ मध्ये त्याला शास्त्रीय नाव मिळालं, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सस्तन प्राण्यांच्या सर्वेक्षणाच्या काळात. पुढे कित्येक दशकं जगात फक्त त्या एका गुहेतच माहीत होतं. कंबोडिया आणि मेघालयात सापडलं ते फार नंतर. तिकडे १५ लाख बघायला लोक बोटी भाड्याने घेतात, आणि आपल्या खानापूरच्या गुहेतलं आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? मी बेळगावात शिकले, मला शाळेत कुणी सांगितलं नाही.

प्राची_ठाणे
सॉरी, वेगळा सूर लावतेय पण मला हे वाचून भीतीच वाटली. कोविड, निपाह वगैरे सगळं वटवाघळांचंच नाव येतं ना? महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांमध्ये पण निपाह सापडला अशी बातमी होती. लहान मुलांना घेऊन पुलाखाली बसणं सेफ आहे का?

रानपाखरू
@प्राची_ठाणे सॉरी कशाला, विचारायलाच हवं. महाबळेश्वरचं खरं आहे. पुण्याच्या एनआयव्हीने (राष्ट्रीय विषाणू संस्था) मार्च २०२० मध्ये नमुने घेतले होते आणि २०२१ ला जाहीर केलं. सापडल्या त्या बहुतेक निपाहविरुद्धच्या अँटिबॉडीज, म्हणजे कधीतरी संसर्ग होऊन गेल्याची खूण. मुख्यतः फळं खाणाऱ्या एका जातीत. अमेरिकेतल्या या जातीशी त्याचा संबंध नाही.

लांबून बघण्यात धोका नाही. धोका असतो हाताळण्यात, विष्ठेच्या ढिगात बंद जागी श्वास घेण्यात, गुहेत घुसून त्यांना हाकलण्यात. पुलाखाली हवा खेळती असते, लोक बाजूला बसतात. फक्त अगदी फटींच्या खाली तोंड वर करून उभं राहू नका एवढंच, आणि वास येतो, अमोनियासारखा उग्र.

आपल्याकडे कायद्यानेसुद्धा फळं खाणाऱ्या वटवाघळांना उंदीर, घूस, कावळ्याच्या यादीत टाकलं होतं, उपद्रवी प्राणी म्हणून. २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच काढली. इतकी वर्षं लागली.

नीलमोहर
@प्राची_ठाणे तुमच्यासारखीच भीती ऑस्टिनच्या लोकांना पण होती हो. १९८० नंतर वटवाघळं वाढायला लागली तेव्हा शहर हादरलं होतं, पेपरात भीतीदायक बातम्या यायच्या, त्यांना मारून टाका म्हणून अर्ज निघाले. मग मर्लिन टटल नावाचे वटवाघळांचे अभ्यासक होते, त्यांनी आपली संस्था, बॅट कॉन्झर्व्हेशन इंटरनॅशनल, १९८६ मध्ये मिलवॉकीहून चक्क ऑस्टिनला हलवली. लोकांना, अधिकाऱ्यांना समजावत राहिले की हे हल्ला करत नाहीत, उलट रात्रीत हजारो किलो किडे खातात. दहा ते वीस हजार पौंडांचा अंदाज देतात रोजचा.

आणि शहराने ऐकलं. मला याचं फार अप्रूप वाटतं. फटी बुजवणं किती सोपं होतं, जाळी मारली असती, सिमेंट भरलं असतं, एका आठवड्याचं काम. ते केलं नाही. आता पुलाच्या दक्षिण टोकाला वटवाघळाचं मोठं शिल्प आहे, वाऱ्यावर फिरतं.

वऱ्हाडी_शेतकरी
भाऊ आन ताई, मी यवतमाळकडचा, कापूस आन हरभरा. हे वटवाघूळ नेमकं कोनते किडे खाते ते सांगा. आमच्याकडं बोंडअळीनं जीव घेतलाय.

रानपाखरू
@वऱ्हाडी_शेतकरी दादा, तुमचा प्रश्न ऐकून इतका आनंद झाला! टेक्सासमध्ये ही वटवाघळं रात्री शेकडो, हजारो फूट उंच जातात आणि तिथे वाऱ्याबरोबर लांबचा प्रवास करणारे पतंग पकडतात. त्यात मुख्य पतंग मक्याच्या आणि कापसाच्या अळीचा. तुमच्या हिरव्या बोंडअळीची, म्हणजे हरभऱ्यावरच्या घाटेअळीची सख्खी चुलत बहीण. एक मादी पतंग खाल्ला की तिची शेकडो अंडी पिकावर पडतच नाहीत.

याचा हिशोबही झालाय. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे, दक्षिण टेक्सासमधल्या आठ काउंट्यांतल्या (आपल्या जिल्ह्यांसारख्या) कापसापुरता. वटवाघळांमुळे वाचलेलं नुकसान आणि फवारणी मिळून वर्षाला साधारण ७ लाख ४० हजार डॉलर. तिथल्या कापसाचं वर्षाचं उत्पन्न होतं ६० लाख डॉलरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ आठवा हिस्सा.

गुलाबी बोंडअळीबद्दल मात्र मी असं सांगणार नाही, तो वेगळा किडा आहे.

वऱ्हाडी_शेतकरी
आठवा हिस्सा म्हंजे लय झाला ताई. आमच्या शिवारात जुन्या विहिरीत पाकोळ्या रायतात, बांधलेल्या विहिरीच्या दगडाच्या सांदीत. संध्याकाळी भुर्रकन निघतात. मागच्या साली विहीर दुरुस्त कराची होती त मिस्त्री म्हने सगळ्या सांदी सिमेंटनं भरून घेतो, एकदम टकाटक. मी हो म्हनलो होतो पन पैशाची जुळवाजुळव झाली नाही म्हनून राह्यलं. आता वरच्या चार थरात भरूच देत नाही.

स्थापत्यवेडा
@वऱ्हाडी_शेतकरी दादा एक विनंती, विहिरीचा दगड सुटला असेल तर ती सांद भरावीच लागेल, माणूस उतरतो आत. सुटलेला दगड आणि नुसती सांद यातला फरक मिस्त्रीला बरोबर कळतो, दगडावर हातोडी मारून आवाज ऐकायला सांगा. पक्क्या दगडांमधली सांद ठेवली तर काही बिघडत नाही.

टेक्सासमध्ये पुलांचा असा अभ्यास झालाय. पाऊण ते एक इंच फट, फूटभर खोली, वरून पाणी गळणार नाही अशी, आणि खाली दहा फूट तरी मोकळं. एवढं असेल तर वटवाघळं येतात आणि पुलाच्या ताकदीला धक्का लागत नाही. मी सतरा वर्षं पुलांचे ड्रॉइंग करतोय, एकाही ड्रॉइंगमध्ये हा विचार कधी आला नव्हता. आम्ही तर जॉइंटला फिलर भरून मोकळे होतो.

टेक्सासवासी
ऑस्टिनजवळ राउंड रॉकला पण आहेत, मॅकनील रोडच्या पुलाखाली, हायवेला लागून. तिथे आपली देशी मंडळी भरपूर राहतात. ह्यूस्टनला वॉ ड्राइव्हच्या पुलाखाली अडीच लाखांच्या आसपास. २०१७ ला हार्वे वादळात बायूचं, म्हणजे तिथल्या संथ ओढ्याचं पाणी त्या पुलापर्यंत चढलं तेव्हा लोक स्वतःची घरं बुडालेली असताना वटवाघळं काढायला गेले होते. फेब्रुवारी २०२१ च्या बर्फातही पुलांखाली बरीच मेली. पूल गुहेइतकी ऊब धरत नाही, ही एक उणी बाजू.

आणि पूल सोडून खरी खाण बघायची तर सॅन अँटोनियोजवळ ब्रॅकन गुहा, तिथे दीड ते दोन कोटी.

गोदाकाठची
एवढं सगळं वाचून मला आता जायचंच आहे. योगायोगाने नवऱ्याचं काम आहे ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ऑस्टिनला, मी आणि दोन्ही मुलं बरोबर. नीलमोहर, कुठे उभं राहू, किती वाजता, आणि पुलावरून बघितलं तर चालेल का? (पुलावर उभं राहायचं म्हणजे मला धीर गोळा करावा लागेल.)

नीलमोहर
@गोदाकाठची अरे वा, या या! सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी पोचा, ऑगस्टमध्ये सूर्यास्त सव्वाआठ साडेआठला होतो. वेळ रोज वेगळी, पाऊस नसला की लवकर निघतात, भूक जास्त असते म्हणून. लहान मुलं असतील तर आग्नेयेच्या बाजूची हिरवळ चांगली, तिथून ती बाहेर पडताना डोक्यावरून दिसतात. पुलावरून बघायचं तर पूर्वेच्या कठड्याला उभ्या राहा, सगळी पूर्वेकडेच जातात नदीच्या वरून. पाणी आणि टोप्या घ्या, भयंकर उकडतं. फ्लॅश मारू नका.

आधी एकेक निघतं, मग धुराच्या लोटासारखं वळत वळत जातं आणि थांबतच नाही. पाऊण तास बघत होतो आम्ही. आई सगळा वेळ गप्प होती, शेवटी म्हणाली, एकमेकांना एकपण आपटलं नाही गं.

एक काम कराल का माझं? बाबांना कमानीच्या बुडाचा फोटो हवा होता, पण तोवर अंधार पडला आणि तो राहिलाच, पुन्हा जाणं झालं नाही. सांगलीला गेल्यावर दोनदा विचारलंय. उजेड आहे तोवर काढून इथे टाकाल? मधल्या कुठल्याही खांबाचा, पाण्याच्या रेषेपासून वरपर्यंत.

गोदाकाठची
नक्की काढते, लक्षात ठेवते.

गोदाकाठची
आलो जाऊन, काल परतलो. काय लिहू, मुलं तर अजून त्यातच आहेत, धाकटा झोपेत हात फडफडवतोय. आधी पुलावर जाऊन उभी राहिले, मुलांचे हात घट्ट धरून. वाहनं गेली की पायाला थरथर जाणवते पण डोळे उघडे ठेवले. मग खाली उतरून आठच फोटो काढले काकांसाठी, टाकतेय. तिसऱ्या फोटोत पाण्याची जुनी रेष दिसते, ती चालेल ना?

नीलमोहर
@गोदाकाठची खूप खूप आभार! लगेच पाठवले बाबांना. आत्ता फोन आला होता. तिसराच आवडला. मोठा करून बघितला म्हणे चष्मा लावून, आणि म्हणाले, बुडाशी भेग नाही, फरम्याच्या (काँक्रीट ओतायच्या साच्याच्या) फळ्यांचे ठसे अजून दिसतायत काँक्रीटवर, ११५ वर्षांपूर्वीच्या सुताराच्या फळ्या. आईला बोलावून दाखवले. आता तोच फोटो प्रिंट काढायला मिरजेला निघालेत.